स्प्रिंग आणि शॉक : मोटारीच्या चालीचे शास्त्र

बैलगाडीचा आस साट्याखाली घट्ट बसविलेला असतो. चाकाची लोखंडी धाव दगडावर चढली की साटाही तितकाच चढतो, आणि गाडीत बसलेल्या माणसाचे हाडन् हाड त्या दगडाची साक्ष देते. पुढे टांगा आला, तेव्हा आस आणि बैठक यांच्यामध्ये पोलादी कमानपाटे आले व प्रवाशास थोडा विसावा मिळाला. मोटार आली ती वेग घेऊन आली. आता धक्का सोसणे एवढ्यानेच भागेना. धक्क्यानंतर येणारी उसळी आवरण्याचीही गरज उत्पन्न झाली. या दोन कामांसाठी मोटारीत दोन निरनिराळे अवयव असतात. धक्का झेलते ती स्प्रिंग. उसळी आवरतो तो शॉक ॲब्सॉर्बर. आमच्याकडील गॅरेजांत त्यास सर्रास ‘शॉकअप’ म्हणतात. आम्ही या लेखात नुसते ‘शॉक’ म्हणू.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात आज पुष्कळ घरांपुढे मोटार उभी दिसते. तरुणांचा ओढा चपळ चालीच्या सेदान गाड्यांकडे विशेष आहे. स्कोडा कंपनीची ऑक्टेव्हिया २००१ पासून छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे जुळविली जाऊ लागली, आणि फोक्सवॅगनची व्हर्टस २०२२ मध्ये चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडली. अशा गाडीचे मूळचे शॉक काही वर्षांनी झिजतात. मग घरात चर्चा सुरू होते. थोरला मुलगा म्हणतो, कडक स्प्रिंगा घालून गाडी खाली बसवू. वडील खर्चाचा हिशेब मांडतात. आजीला आपल्या पाठीची काळजी वाटते. हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा असता, तर आम्ही त्यात पडलो नसतो. परंतु पावसाळ्यात घाटाच्या वळणावर गाडी रस्त्यास धरून राहील की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. तेव्हा या दोन अवयवांचे शास्त्र प्रथम समजून घेऊ, आणि मग निवडीकडे वळू.

स्प्रिंगेचा स्वभाव

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने स्प्रिंगेचा नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलथापालथ करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये त्याचा उलगडा केला. आमच्या विद्यार्थ्यांना तो पदार्थविज्ञानाच्या तासाला भेटतोच : जेवढा भार तेवढी दब. एखादी स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यास २० न्यूटन बल लागत असेल, तर दहा मिलिमीटर दाबण्यास २०० न्यूटन लागेल. हा २० चा आकडा म्हणजे त्या स्प्रिंगेचा कडकपणा होय.

हा कडकपणा कशावर ठरतो? तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या यांवर. यांपैकी जाडीचा प्रभाव विलक्षण आहे, कारण तो जाडीच्या चौथ्या घातात असतो. १२ मिलिमीटरच्या तारेऐवजी १३ मिलिमीटरची तार घेतली, बाकी सर्व मापे तीच ठेवली, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्क्यांनी कडक होते. डोळ्यांना दोन्ही स्प्रिंगा सारख्याच दिसतील. म्हणून दुकानात स्प्रिंग हातात घेऊन ‘ही बसेल’ असे म्हणणे म्हणजे चष्मा नाकावर बसतो एवढ्यावरून तो डोळ्यांस लागू पडेल असे मानण्यासारखे आहे.

स्प्रिंगेवर वजन ठेवून ती दाबून सोडली की ती हेलकावे खाते. त्यांचा वेग कडकपणा भागिले वजन याच्या वर्गमुळावर ठरतो. उदाहरण घेऊ. गाडीच्या एका कोपऱ्यावर ३०० किलो वजन आहे आणि चाकापाशी मोजलेला कडकपणा दर मिलिमीटरला २० न्यूटन आहे. गणित केले असता सेकंदास सुमारे १.३ हेलकावे येतात. प्रवासी गाडीस ही चाल मानवते. कडकपणा ३० टक्क्यांनी वाढविला, म्हणजे २६ न्यूटन केला, तर हेलकावे सेकंदास सुमारे १.४८ होतात. गाडी चटपटीत वाटू लागते. मात्र रस्त्यावरील प्रत्येक खड्डा बैठकीपर्यंत अधिक स्पष्टपणे पोहोचतो.

शॉकचे काम

शॉक म्हणजे तेलाने भरलेली नळी आणि तिच्यात वरखाली होणारा दट्ट्या. दट्ट्यास बारीक छिद्रे व पोलादी चकत्यांच्या झडपा असतात. दट्ट्या हलू लागला की तेलास त्या अरुंद वाटेने जावे लागते. या विरोधात हेलकाव्याची शक्ती उष्णतेत बदलते आणि उसळी शमते. बेळगावच्या उद्यमबागेत आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींत हायड्रॉलिक सिलिंडर बनविणारे अनेक कारखाने आहेत. तेथे काम करणाऱ्यांना शॉकची रचना परकी वाटणार नाही. तोच गुळगुळीत, क्रोमचा मुलामा दिलेला दांडा, तेच ऑइल सील, तोच दट्ट्या. फरक हेतूत आहे. सिलिंडर तेलाच्या दाबाने जड वस्तू ढकलतो. शॉक तेलास अडवून गतीस लगाम घालतो.

येथे एक भेद नीट ध्यानी धरावा. स्प्रिंगेचा विरोध ती किती दबली यावर अवलंबून असतो. शॉकचा विरोध दट्ट्या किती वेगाने हलतो यावर. उभ्या गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, शॉक नव्हे. म्हणून गाडी मागून बसली असेल तर शॉक बदलून ती उठत नाही. आणि गाडी डोलत असेल तर केवळ स्प्रिंग बदलून तिचे डोलणे थांबत नाही. चुकीचा अवयव बदलून पैसा वाया जातो, तो बहुधा हा भेद न कळल्यामुळेच.

शॉकचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात नळीच्या आत दुसरी नळी असते व तेल आतून बाहेर, बाहेरून आत येजा करते. तो स्वस्त असून चाल मऊ देतो, आणि बाहेरच्या नळीस थोडा पोचा आला तरी बहुधा काम चालू राहते. परंतु सतत उसळ्या बसू लागल्या की तेल तापते, त्यात फेस होतो आणि शॉकची पकड ढिली पडते. काही शॉकांत हलक्या दाबाचा नायट्रोजन वायू भरून हा दोष कमी करतात. दुसऱ्या प्रकारात नळी एकच असते. तिच्या एका टोकास मोठ्या दाबाचा नायट्रोजन असतो, आणि तरंगत्या दट्ट्यामुळे वायू व तेल एकमेकांत मिसळत नाहीत. नळीस थेट हवा लागत असल्याने तो लवकर थंड होतो व लांबच्या घाटातही त्याची पकड टिकते. मात्र तो महाग असतो.

भारतात शॉक बनविण्याचा उद्योगही तसा जुना आहे. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली, आणि तिचे नाव आज कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात ऐकू येते. परदेशी नावांपैकी जर्मनीचे बिल्स्टाइन व हॉलंडचे कोनी हे शॉकसाठी, तर १९५१ मध्ये सुरू झालेले जर्मनीचेच आयबाख हे स्प्रिंगांसाठी प्रसिद्ध आहे.

जोडी जमली पाहिजे

आता या विषयाचा गाभा. स्प्रिंग आणि शॉक ही बैलजोडी आहे. एक बैल तगडा आणि दुसरा म्हातारा असेल, तर नांगर सरळ चालत नाही.

उसळी एकही हेलकावा न खाता जेमतेम थांबावी, यासाठी शॉकचा जेवढा विरोध लागेल त्यास आपण पूर्ण आवर म्हणू. प्रवासी गाडीत त्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश एवढाच आवर ठेवतात. त्याहून फार अधिक ठेवला तर चाल दगडासारखी होते. आपल्या उदाहरणातील गाडीचा आवर ३० टक्के होता असे धरू. स्प्रिंग ३० टक्क्यांनी कडक केली, पण शॉक जुनाच ठेवला. कडक स्प्रिंगेस आवरण्यासाठी अधिक विरोध हवा, तो शॉकपाशी नाही. म्हणून तोच शॉक आता सुमारे २६ टक्केच आवर देतो. शॉक झिजलेला असेल तर याहूनही कमी. परिणामी गाडी कडकही झाली आणि उडूही लागली! ‘स्प्रिंगा घातल्या, पण गाडी नाचते’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते.

याच्या उलट चूक म्हणजे मूळच्या मऊ स्प्रिंगेवर अतिशय कडक शॉक बसविणे. अशा वेळी ओळीने आलेल्या खड्ड्यांत दबलेली स्प्रिंग पुन्हा वर येण्याआधीच पुढचा खड्डा येतो. गाडी पायरीपायरीने खाली बसत जाते आणि शेवटी रबरी ठोकळ्यावर आदळू लागते.

आणखी एक समज दूर करणे अवश्य आहे. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. कडक स्प्रिंगांनी हा भार फारसा कमी होत नाही. तो गाडीची उंची, रुंदी व वेग यांवर ठरतो. स्प्रिंगांनी कमी होते ते गाडीचे कलणे. मात्र त्या भारापैकी किती वाटा पुढच्या चाकांनी घ्यावा आणि किती मागच्यांनी, हे स्प्रिंगांच्या परस्पर कडकपणावर ठरते. केवळ मागच्या स्प्रिंगा कडक केल्या, तर मागच्या बाहेरच्या चाकावर भाराचा मोठा वाटा येतो, त्याची पकड आधी सुटते, आणि ओल्या वळणावर गाडीची शेपटी घसरू शकते. म्हणून स्प्रिंगा चारही चाकांच्या, एकाच निर्मात्याच्या आणि त्याच गाडीसाठी ठरविलेल्या असाव्यात. शॉकसुद्धा निदान जोडीने, म्हणजे पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही, बदलावेत.

आमचे रस्ते काय मागतात?

जर्मनीतील गुळगुळीत महामार्गावर जे शोभते ते आमच्याकडे शोभेलच असे नाही. निपाणी-चिकोडीकडील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून तिच्यावरील आडरस्त्यांना लाटा येतात. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी त्या लाटा अधिक खोल होतात. अशा लांब लाटेवर शॉकची परीक्षा होते : उसळी एका हेलकाव्यात आवरली पाहिजे. खानापूर-कणकुंबीच्या बाजूस पाऊस धो धो कोसळतो आणि डांबर उखडून तीक्ष्ण कडांचे खड्डे पडतात. तेथे स्प्रिंगेस दबावयास भरपूर जागा हवी. पुणे-बंगळूर महामार्गावर वेग मोठा. त्यातच निपाणीजवळ तवंदीचा आणि बेळगावच्या अलीकडे वंटमुरीचा घाट. गोव्याकडे उतरणारा चोर्ला घाट व सावंतवाडीकडे उतरणारा आंबोली घाट यांत वळणे, उतार आणि ओलावा तिन्ही एकत्र येतात. उतारावर ब्रेक दाबला असता झिजलेल्या शॉकची गाडी नाक खाली घालते व चाके रस्त्यावर नाचू लागतात. ज्या क्षणी चाक हलके होते, त्या क्षणी ब्रेक कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण गाडीस थांबविणारे बल शेवटी टायर आणि रस्ता यांच्या स्पर्शातूनच येते.

गाडी खाली बसविण्याचा मोह असणाऱ्यांनी पुढील हिशेब करून पाहावा. समजा, रिकाम्या गाडीच्या पोटाखाली १८० मिलिमीटर जागा आहे. पाच माणसे बसली, म्हणजे सुमारे सव्वातीनशे किलो भार आला, की आपल्या उदाहरणातील स्प्रिंगा ४० मिलिमीटर दबतात व १४० उरतात. आता ३० मिलिमीटर खाली बसविणाऱ्या, ३० टक्के कडक स्प्रिंगा घातल्या. त्या त्याच भाराने सुमारे ३१ मिलिमीटरच दबतील, तरीही उरतात ११९. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातील गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्याचा चढ इतका सौम्य असतो की दोन्ही गाड्या सावकाश सुखरूप जातील. पण गावागावांतून रात्रीतून उभे राहणारे अरुंद उंचवटे मानक वाचून घातलेले नसतात. १३ सेंटिमीटरचा असा उंचवटा दोन चाकांच्या मध्ये आला, तर मूळची गाडी जेमतेम निभावेल; खाली बसविलेल्या गाडीचे पोट घासेल. पोटाखाली इंजिनाच्या तेलाचे पात्र असते, हे विसरून चालणार नाही.

निवडीचे मार्ग

पहिले काम म्हणजे निदान. गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडावा. एका उसळीनंतर ती स्थिर न होता डोलत राहिली तर शॉक संशयास्पद समजावा. नळीवर तेलाचा ओघळ दिसणे, टायर ठिकठिकाणी खळग्यांसारखा झिजणे, ब्रेक लावताना नाक फार झुकणे, ही दुसरी लक्षणे. मात्र खडखड आवाज आला म्हणजे शॉकच गेला असे नव्हे. तो पुष्कळदा बुश, बॉल जॉइंट किंवा शॉकवरचा रबरी माउंट यांचा असतो, आणि तेथे थोड्या पैशांत काम भागते.

शॉक खरोखरच गेला असेल, तर चार मार्ग आहेत. पहिला, मूळचाच प्रकार नवा घालणे. ज्यांच्या गाडीत वृद्ध माणसे व लेकरे बसतात आणि जे सावकाश चालवितात, त्यांच्यासाठी हाच उत्तम. किंबहुना झिजलेल्या शॉकची सवय झालेल्या माणसास एवढ्यानेच गाडी नवी झाल्यासारखी वाटते. दुसरा, मूळच्या स्प्रिंगा तशाच ठेवून मूळ लांबीचे, पण अधिक पकड देणारे एकनळी शॉक घालणे. बिल्स्टाइनचा ‘बी ६’ या वर्गातील आहे. गाडीची उंची तीच राहते, स्प्रिंगेस दबावयास जागा तीच राहते, आणि घाटात गाडी अधिक सावरून चालते. सीमाभागात राहून ज्यांस चपळ चाल हवी, त्यांना आम्ही हाच मार्ग सुचवू. तिसरा, खाली बसविणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांच्याशी जुळणारे आखूड शॉक. बिल्स्टाइनचा ‘बी ८’ अशा जोडीसाठी असतो. आखूड स्प्रिंगेवर मूळ लांबीचा शॉक घातला तर दट्ट्या तळाजवळ काम करतो व लवकर निकामी होतो. हा मार्ग बहुतेक वेळ चांगल्या महामार्गावर धावणाऱ्या गाडीपुरताच ठीक. चौथा, उंची व आवर फिरवून बदलता येणारा पूर्ण संच. तो शर्यतीच्या मैदानास साजतो. नित्याच्या वापरात त्याच्या आट्यांत चिखल बसतो आणि प्रत्येक फेरबदलानंतर चाकांची जुळणी पुन्हा करावी लागते.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. स्प्रिंग कापून आखूड करू नये. काम करणाऱ्या सहा वेटोळ्यांतील एक गेले तर ती २० टक्क्यांनी कडक होते, तिचे टोक खाचेत नीट बसत नाही, आणि चाक लोंबकळले असता ती जागेवरून सुटू शकते. स्प्रिंग तापवून बसविणे तर त्याहून वाईट, कारण पोलादास दिलेले पाणीच त्यामुळे उतरते. वेटोळ्यांच्या मध्ये रबरी ठोकळे अडकविण्याची चाल आमच्याकडे फार आहे. ते एका वेटोळ्याचे काम बंद पाडतात आणि ताण शेजारच्या वेटोळ्यांवर टाकतात. बसलेल्या स्प्रिंगेस खरा उपाय म्हणजे नवी स्प्रिंग.

बसवितानाही दक्षता हवी. नव्या शॉकबरोबर वरचे माउंट, रबरी ठोकळा आणि धूळटोपी नवी घ्यावी. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, म्हणजे तिचे वजन पेलले जात असताना, शेवटचे आवळावेत. हवेत आवळले तर बुशास कायमचा पीळ राहतो. त्यानंतर चाकांची जुळणी करून घ्यावी, एरवी नवे टायर एका बाजूने झिजतील. आमच्या विद्यार्थी मित्रांना एक सूचना मुद्दाम करावीशी वाटते. स्ट्रटवरील स्प्रिंग घरी खोलण्याचा प्रयोग कधीही करू नये. आपल्या उदाहरणातील स्प्रिंग १५ सेंटिमीटर दाबलेली असता तिच्यात २२५ जूल शक्ती साठते. २३ किलोचे वजन एक मीटर उंचीवरून अंगावर पडावे, इतकी ती शक्ती आहे. ते काम योग्य हत्यार असलेल्या मिस्त्र्याचे होय.

कायद्याचाही विचार हवा. गाडी बेळगावची के.ए. २२ असो, चिकोडीची के.ए. २३ असो, वा सीमेपलीकडील कोल्हापूरची एम.एच. ०९ असो, मोटार वाहन अधिनियम १९८८ सर्वांस एकच आहे. त्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाहून वेगळे ठरतील असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या मर्यादेवर भर दिला आहे. झिजलेल्या शॉकच्या जागी त्याच मापाचा नवा शॉक ही दुरुस्ती होय. गाडीची ठेवण बदलणारे काम करण्यापूर्वी मात्र परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी करून घेणे शहाणपणाचे.

सारांश हा की, आधी रस्ता पाहावा, मग गाडीत बसणारी माणसे पाहावीत, आणि नंतर दुकान गाठावे. चांगली चाल डोळ्यांना दिसत नाही. ती दिसते चोर्ल्याच्या धुक्यात, अचानक समोर आलेल्या गुराला वाचवून गाडी सरळ थांबते तेव्हा. आणि मागच्या बैठकीवर झोपलेल्या आजीची झोप मोडत नाही तेव्हा. ज्या घरातील मुलगा हूकचा नियम केवळ परीक्षेपुरता न शिकता वडिलांच्या गाडीस लावून पाहील, त्या घरी पैसाही वाचेल आणि माणसेही सुखरूप पोहोचतील.